सोळाशे सदुसष्ट

एक नोव्हेंबरला ट्रोम्सोत सूर्य सव्वाआठला उगवला
आणि तीन वाजायच्या आत गेलासुद्धा.
मी आणि ओड्नीनं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात
तपकिरी चीजच्या तुकड्यावर हात ठेवून शपथ घेतली:
तीस दिवस, पन्नास हजार शब्द,
म्हणजे रोजचे सोळाशे सदुसष्ट.
भागाकार ओड्नीनं केला. ती गणिताची.
सहा तारखेला तिनं कादंबरी सोडली.
चोवीस पानं, एक खून,
प्रेत कुठे ठेवायचं तेच सुचेना.
भागाकार तेवढा माझ्याकडे राहिला.

दिवस रोज दहा-बारा मिनिटांनी आखडायचा,
गोष्ट रोज थोडी लांबायची.
दोघांचं आपसात काही ठरलं असावं.

सकाळी प्रयोगशाळा.
कॉड माशाच्या कानातला खडा काढायचा,
मधोमध मोडायचा, भिंगाखाली धरायचा
आणि कडी मोजायची.
एक कडं, एक हिवाळा.
दुपारी व्याख्यान. संध्याकाळी दुकानात गल्ल्यावर
पिशवी हवी का, पावती हवी का,
नको म्हणतील त्यांच्या पावत्यांच्या पाठीवर संवाद.
माझी बोर्गहिल्ड फेरीबोट चालवते.
तिचं आडनाव मी ढापलं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडून,
जे रोज येतं आणि एकच लिंबू नेतं.
बसमध्ये अंगठ्यानं दोनशे शब्द.
आंघोळीत शून्य, पण सुचतं तिथेच.
आई फोनवर: जेवलीस का?
हो, म्हणाले.
तो शब्द मोजणीत धरला नाही.

तेराव्या दिवशी बोर्गहिल्ड बोलेनाशी झाली.
तिला वादळ दिलं. इंजिनात बिघाड दिला.
घटस्फोट घेतलेला नवरा दिला, तोही प्रवासी म्हणून, तिकीट काढून.
ती ढिम्म.
मग मी तिच्या कॉफीचं वर्णन केलं, चारशे शब्द,
वाफ, कप, कपाचा कान, कानाचा टवका.
लाज वाटली.
मोजले मात्र.

एकवीस तारखेला सूर्य डोंगराआडून वर आलाच नाही.
आता थेट जानेवारीत.
कुणी बोभाटा केला नाही,
लोक केव्हाच टायर बदलून मोकळे झाले होते.

त्याच आठवड्यात टोर्बयोर्गबाईंनी माझा तक्ता परत दिला.
मासा क्रमांक अठ्ठावन्न. लांबी बहात्तर सेंटिमीटर.
वयाच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
तिनं दार उघडलं नाही.

माझे कान तापले.
बाईंनी चष्मा कपाळावर सारला.
"वय सात आहे. मी पुन्हा मोजलं."
मग तक्त्याकडेच बघत, जरा थांबून,
"का नाही उघडलं?"

मला माहीत नव्हतं.
तीन आठवड्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
मीसुद्धा नाही.

त्या रात्री आकडा दिसतो त्या कोपऱ्यावर
चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि लिहीत बसले.
दाराबाहेर कोण आहे ते बोर्गहिल्डला ठाऊक होतं,
पावलांवरून. डावं पाऊल जड,
उजवं त्याच्यामागून, माफी मागत असल्यासारखं.
असं माझे आजोबा चालायचे
बंदरावरून उशिरा परतताना,
आणि आम्ही मुलं झोपल्याचं सोंग घ्यायचो.
हे मला लिहिता लिहिता कळलं.
पहाटे चिकटपट्टी काढली. नऊशे चार.
महिन्यातला सगळ्यात हलका दिवस.

तीस तारीख, रात्री बारा.
त्रेचाळीस हजार नऊशे अठरा.
ओड्नीनं पांघरुणातूनच वजाबाकी केली:
"सहा हजार ब्याऐंशी कमी."
आणि कूस बदलली.

तीन तारखेला परीक्षा. खडे, कडी, वयं.
भिंगाखाली अख्खा हिवाळा दिसतो केवढा,
केसाएवढा.
त्या हिवाळ्यात माशानं काय काय केलं
ते काही तिथे लिहिलेलं नसतं.

दिवा मालवला.
खाली बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत गेली.
बोर्गहिल्ड अजून दाराच्या आत उभी,
हात कडीवर.
थांब, म्हटलं तिला.
तीन तारखेला दुपारनंतर मी मोकळी आहे.