अकरा थेंब

कॉफीच्या डब्यात पाच हजार दोनशे डॉलर.
चार वेळा मोजले, चारही वेळा तेवढेच.
डबा मांडीवर घेऊन बाप पिकअपमध्ये बसलाय
मांजर डॉक्टरकडे न्यावं तसा.

बोय्चुकबाईंच्या शेतात, कापलेल्या गवतावर,
दोन होड्या दोन ट्रेलरवर.
पांढरी फायबरग्लासची, सतरा फुटी, अजून लकाकी आहे.
'हिच्यात बसलं की खुर्चीत बसल्यासारखं,' बाप म्हणतो
आणि उजव्या खुब्यावर हात ठेवतो,
जिथे डॉक्टरांनी मागच्या वर्षी पोलाद बसवलं.

खोटं नाही. विनिपेग सरोवर उथळ;
उत्तरेचा वारा सुटला की इथल्या लाटा लांबत नाहीत,
उभ्या राहतात, एकीच्या पाठीवर दुसरी,
आणि अ‍ॅल्युमिनियमची होडी त्यांवरून जाते
जिन्यावरून सुटलेल्या बादलीसारखी.

ती बादलीही शेजारीच उभी :
सोळा फुटी, नाकाला पोचा,
रंग कधीकाळी हिरवा असावा.

मी वजन बघते. मला बघावंच लागतं.
आमची मोटर चाळीस घोड्यांची, तीही बुडालेल्या होडीतून काढलेली,
पिकअप सतरा वर्षांचं,
आणि किनाऱ्यावर ओढायला माणसं दोन,
त्यातलं एक लंगडतं.
बाप मात्र पांढरीला प्रदक्षिणा घालतोय.

मडकं वाजवून घ्यावं.
मी सुरीच्या मुठीने ठोकत निघाले, नाकापासून मागे.
चाळीस वर्षं मोटरींशेजारी बसून बापाचे कान गेलेत,
म्हणून तो तळहात टेकवून माझ्याबरोबर सरकतोय,
डोळे मिटून.
टक. टक. टक.
मागच्या फळीशी, जिथे मोटर टांगायची,
त्याने डोळे उघडले.
'आत कुणीतरी निजलंय,' म्हणाला, 'ओल्या घोंगडीत.'

कुजलेलं प्लायवुड.
बोय्चुकबाई कुंपणाकडे बघत म्हणाल्या,
'पेत्रोला ठाऊक होतं. सांगू नकोस म्हणाला होता.'
आणि जरा वेळाने,
'पण आता तो कुठे यायचाय भांडायला.'

मग हिरवीची पाळी.
पाण्यात न नेता होडी तपासायची तर
पाणीच होडीत ओतायचं.
बागेची नळी सोडली, घोटाभर भरू दिली,
आणि आम्ही तिघं पाठीवर निजलो तिच्या पोटाखाली,
एकूण वय एकशे नव्वद,
वर बघत, चूप,
जणू आकाशात काही दिसणार होतं.

दिसलं. रिव्हेटच्या टोकाशी एक थेंब फुगला,
विचार केला, पडला.
मग दुसरीकडे. मग बाईंच्या चष्म्यावर.
जिथे गळेल तिथे मी खडूने गोल केला.
अकरा.

'एकेका गोलाचे पन्नास कमी करते, ब्रांदुर,' बाई म्हणाल्या.
बापाने ऐकलं पंधरा,
आणि फार घासाघीस बरी नाही, म्हणून मान डोलावली.
बाईंनी तरीही पन्नासच सोडले.
डब्यात उरलेल्यात ट्रेलरचे टायर आले,
डिंकासारख्या काळ्या लुकणाच्या दोन नळ्या आल्या,
पांढरीचा विषय परत निघाला नाही,
फक्त निघताना बापाने तिच्या कडेवरून हात फिरवला,
घोडा विकून आल्यासारखा.

जूनमध्ये जाळी टाकायला निघालो.
पहिल्याच लाटेला दात वाजले,
दुसरीला थर्मास उडाला,
पत्रा असा खणखणतोय की बगळे वाट बदलताहेत.
तळाशी बोटभर पाणी : बारावं भोक, खडूतून सुटलेलं.

बाप उभाच होता; बसलं की खुबा बोलतो.
वाकून त्याने तो कॉफीचा डबा उचलला,
दोनदा उपसून बाहेर फेकलं,
आणि आपण हळूच बोलतोय अशा समजुतीने ओरडला :
'आस्ता, बघ तरी,
किती शांत चालते ही!'