हरकत

सहाची मिस्सा आटोपली की मी सरळ घरी जात नाही.
विहितगावच्या बाजूने वालदेवीला उतरते,
चपला हातात, दवाने साडीचा काठ ओला,
माळ बोटांत.
एका झाडाला एक मणी.

तेहतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
गड्डीत एखादी कमी असली
तर डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं.
म्हणून सांगते, नोटिशीत एकेचाळीस लिहिलीत,
काठावर अठ्ठावन्न आहेत.
करंज, उंबर, कडुनिंब, दोन जुने वड
आणि बाभळी,
ज्या साहेबांनी बहुधा झाडांत धरल्याच नाहीत.

तेविसाच्या आकड्यात, पिवळ्या तीनच्या पोटातच
तांबटाचं भोक.
टुक् टुक् चाललेलं असतं त्याचं,
टपालावर शिक्के मारावेत तसं.

फादर लिगोरी म्हणाले, फ्लोरीबाई,
रस्ता रुंद झाला तर यात्रेच्या बसेस दारापर्यंत येतील.
खोटं नव्हतं.
फेब्रुवारीत माझीच जाऊ येते संगमनेरहून,
स्टँडपासून गुडघे धरत चालते.
शनिवारी पापनिवेदनाला बसले,
पण हे कोणत्या आज्ञेत बसवायचं
मला सांगता येईना, त्यांनाही.
जाळीपलीकडे बराच वेळ
नुसता पंखा फिरत होता.

मंगळवारी शरणपूर रोडला, महापालिकेत गेले.
अर्जात रकाना होता: जागेशी संबंध.
मालक नाही. भाडेकरू नाही.
आमच्या सात पिढ्यांना सातबारा ठाऊक नाही.
लिहिलं, रोज मोजते.
लिपिकाने चष्म्यावरून पाहिलं.
मावशी, हरकत आहे की नाही, तेवढंच लिहा.
जन्मभर ‘काही हरकत नाही’ म्हणत आले,
नवऱ्याला, सुपरवायझरला, पोरांच्या सासरच्यांना.
आहे, लिहिलं.
पेन उसनं होतं, परत केलं.
पोच घेतली, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली,
घरातल्या गेलेल्या माणसांच्या कार्डांजवळ.

माळेचे मणी एकोणसाठ.
पुलापाशी रोज एक उरतो,
कधी जावेच्या गुडघ्यांना देते,
कधी त्या लिपिकाला; त्यालाही घरी कोणी असेल.

आज पुलापाशी आले
आणि दोन उरले.

माझंच चुकलं असेल.
गार वाऱ्यात बोट घसरतं कधी,
वय झालं.
परत फिरले.
कान तेविसाकडे लावून
पहिल्या करंजापासून पुन्हा:
नमो मरिये,
एक.