पाऊणकी

बेलापूरच्या धारण तलावावर माझी बदली झाली
तेव्हा समुद्र मला पाठ नव्हता.
मी औशाची. आमच्याकडे पाणी टँकरने येतं,
आणि गेलं की परत येत नाही.

पंपघरात भरतीचा छापील तक्ता होता,
त्याच्यावर मागच्या वर्षीची धूळ, आणि तक्ताही मागच्याच वर्षीचा.
पदाजी मढवी तिकडे बघतही नसत.
"म्याडम, आज तिथ कंची?"
मी मोबाईल काढला. त्यांनी बोटं.
"चवथ. चार पाऊण तीन.
तीनला खारी भरल. झडप बगून घ्या."

चार पाऊण तीन!
माझ्या शाळेतून पाऊणकी केव्हाच उठून गेली होती.
ती इथे येऊन राहिली होती,
गुडघाभर चिखलात,
शहर कोरडं ठेवत.

वर्षभर मी वहीत टिपलं:
कधी वीस मिनिटं चुकली, कधी पस्तीस,
एकदा तर पन्नास.
वही दाखवली.
"चुकनारच," ते म्हणाले,
"म्हनून तं तासभर आदी जायाचा."

त्यांचा बाप खारबांधावरच्या उघाडीचा राखणदार.
ओहोटीला पाणी स्वतः दार ढकलून बाहेर जाई,
भरतीला समुद्रच ते लावून घेई.
बांध गेला, भात गेलं,
उघाडीच्या जागी आता एटीएम आहे.
"ही झडप सायबांची," ते म्हणतात,
"पर अक्कल आमच्या बापाची."
मी हे तपासलेलं नाही.

मार्चमध्ये सभागृहात परिसंवाद झाला.
फलकावर होतं: प्राचीन ज्ञान, आजची गरज.
खुर्च्या भरायला आम्हालाही नेलं.
वक्ते घामाघूम होऊन
विमानांपर्यंत पोचले होते
तेव्हा शेवटच्या रांगेतून पदाजी उठले.
"दशमी हाय," माझ्या कानाशी म्हणाले,
आणि चपला हातात घेऊन निघाले,
पाठोपाठ मी.

झडपेत निर्माल्याची पिशवी अडकली होती,
थर्माकोलचा अर्धा मखर,
कुणाचं तरी हेल्मेट.
ते बांबू घेऊन उतरले.
मी कठड्यावरून टॉर्च धरला,
एवढंच मला येत होतं.
झडप धप्पकन बसली.
साडेसातला नाही,
सात बेचाळीसला पाणी काठोकाठ.
मी वहीत लिहिलं: बारा.

त्यांच्या सेवापुस्तकात
पदनामापुढे लिहिलंय, मदतनीस.
त्यापुढे कंसात, अकुशल.
ते खोडायचा अर्ज मी तीनदा केला.
तिन्ही वेळा विचारणा आली:
प्रमाणपत्र जोडलेलं नाही.

आज ते भाच्याच्या हळदीला गेलेत.
मी एकटी. एकादशी.
अकरा पाऊण
मला अजून बोटांवर करावं लागतं.
सव्वाआठ.

सव्वासातला निघते.