रिकामं भांडं

डंडीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल धुक्यात अर्धाच दिसतो,
उरलेला आहे असं धरून गाडी पुढे जाते.

आम्हीही असंच धरून चालतो.
सेंट्रिफ्यूज सत्तर मिनिटं घोंघावून थांबतं
आणि नळीच्या तळाशी काही म्हणजे काही दिसत नाही.
म्हणून आधीच बाहेरून पेनाने एक टिंब काढून ठेवायचं:
इथे असतील.
अब्जावधी पिशव्या, एका टिंबामागे.

पेशींनी बाहेर टाकलेल्या.
पूर्वी म्हणत, हा पेशींचा केर.
मग कुणीतरी उकिरडा उपसून पाहिला
तर पत्रं निघाली.

पिशव्या म्हटलं की एफी लॅमंट हसते, आमची टेक्निशियन.
तिची आजी इथल्याच ज्यूट गिरणीत पोती शिवायची.
मागांच्या खडखडाटात सगळ्या बायका ओठांवरून बोलणं वाचत;
एफी अजून ओठ मोठे हलवून बोलते,
फ्रिजच्या गुणगुणीतसुद्धा.

आमच्या पोत्यावर पत्ता आम्हीच शिवतो.
एक प्रथिन: स्नायूकडे जा.
दुसरं, वाटेतल्या भक्षकांसाठी: मला गिळू नका.
आत आरएनएचा तुकडा,
एका बिघडलेल्या जनुकाचं तोंड बंद करण्यापुरता.
विजेचा झटका, दार किलकिलं,
आणि माल आत.

आत, असं मार्चपासून वाटत होतं.
आज कळलं, तुकडे बाहेरच एकमेकांना चिकटून बसलेत,
दारात चपलांचा ढीग
आणि घरात कुणीच नाही, तसे.
जे थोडे खरंच आत गेले, ते उंदराच्या यकृताने
जकातनाक्यावर अडवावेत तसे ठेवून घेतले.

आई शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करत नसे.
काहीच नसलं तर चिमूटभर साखर.
पेशीचंही तसंच असणार,
नाहीतर रात्रंदिवस एवढं कुणाला काय पाठवत बसते ती?
आणि आम्ही तिच्याच भांड्यात
तिला न विचारता आपलं काही घालू बघतो.

"किती भरल्या?" एफी विचारते.
शंभरात एखादी.
शंभरात एक उसवली तर आजीचा पगार कापत, ती सांगते.
आम्ही दोघी हसतो, जरा जास्तच वेळ.

मग ती पेनाचं टोपण दातांनी काढते
आणि उद्याच्या नळ्यांवर
टिंबं द्यायला बसते.