यादी शेवटी असते

परदेशीपुऱ्यात कामगार मंडळाची खोली.
एक पंखा, एक संगणक, आणि दर शनिवारी मी.
गिरणी बंद पडल्यावर कुणा शहाण्याने
हजेरीची सगळी पुस्तकं स्कॅन करून
एकाच झिपमध्ये कोंबली.
चौदा हजार पानं.
अख्खी उघडायला गेलं की हा संगणक
छाती धरून बसतो.

चंद्रभागाबाई खरात आल्या,
हातात वकिलाची चिठ्ठी.
"सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर पायजे. रीलिंग खातं.
बाकीचं राहू दे तुझ्याकडे."

बाकीचं राहू द्यायचं, हेच तर जमवायचं होतं.
पायथनच्या सात ओळी लिहिल्या.
म्हटलं, बाई, झिपची एक गंमत आहे,
तिची यादी शेवटी असते.
आधी शेपटाशी जायचं,
कुठलं पान कुठून सुरू होतं ते विचारायचं,
आणि थेट तिथेच हात घालायचा.
बरणीतून लोणच्याची एक फोड काढतो ना,
बरणी काही उपडी करत नाही.

"आमच्या टाइमकीपरसारखंच," त्या म्हणाल्या,
"तोही मेला वही मागूनच उघडायचा."

यादी छापली, तर नावांच्या जागी
चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, परदेशी अक्षरांचा कचरा.
स्कॅन करणाऱ्याने नावं देवनागरीत दिली होती,
झिपने ती भलत्याच लिपीत ऐकली.
दोन चहा त्यातच गेले.
मग आठवी ओळ घातली: ऐकलेलं विसर,
आहेत तेच बाइट पुन्हा नीट वाच.
आणि कचऱ्यातून उभं राहिलं
रीलिंग_१९८७_११_पान३.

एंटर.
एकच पान बाहेर आलं.
उरलेल्यांनी कूसही बदलली नाही.
बेरीज ताडून पाहिली, जुळली;
म्हणजे वाटेत ठिपकासुद्धा सांडला नव्हता.

सतराव्या ओळीत त्यांचं नाव.
पुढे उ, उ, उ,
मध्येच शाई निळ्याची काळी झाली, तरी उ.
फक्त एकोणीस तारखेला अ.

त्यांनी पडद्यावर त्या अ वरच बोट ठेवलं.
"तापाचा अर्ज दिला होता.
मी आणि कौसल्या, चिमणबागेत सर्कस बघत होतो.
वाघ म्हातारा होता गं.
पण मारली त्याने उडी."

प्रिंटरने पान कुरकुरत ओकलं.
त्यांनी घडी घातली, पिशवीत ठेवली,
आणि उठल्या नाहीत.

"कौसल्या वाइंडिंगला होती.
तिचं पान निघेल?
तिला क्लेम-बिम काही नको, ती गेली चार वर्षांमागे.
नुसतं बघायचं,
तिच्याही पुढे अ आहे का."

मी खात्याचं नाव बदललं.
परत शेपटापासून.