उणे एकवीस

वास्कोच्या डॉक्टरने माझ्या कानाचा आलेख दाखवला:
सहाशे हर्ट्‌झपर्यंत सपाट, मग उतार, मग थेट कडा.
नेमक्या त्या कड्यावरच
चाळीस वर्षं माझं मोर्स राहत होतं.

किल्ली फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली,
डिस्चार्ज बुकांच्या खाली.
तीन स्पर्धा तशाच गेल्या.
फणसापासून टाकीपर्यंत ताणलेल्या अँटेनावर
खंड्या येऊन बसायचा. तेवढाच तिचा उपयोग.

मग शेजारची फ्लाविया आली, फर्मागुढीला शिकते.
दोन वायरींनी लॅपटॉप रेडिओला बांधला
आणि म्हणाली, यात ऐकायचं नाही, अंकल.
बघायचं.

याला धबधबा म्हणतात म्हणे.
मला दूधसागर माहीत आहे. हा तसा नव्हता;
निळ्या भिंतीवरून
पिवळ्या वाळवीच्या रांगा सावकाश खाली उतरत होत्या
आणि प्रत्येक रांग म्हणजे कुठलातरी माणूस.
मधूनच डिकॉस्टांचा पंप सुरू व्हायचा
आणि अर्धं जग पुसलं जायचं.

पंधरा सेकंद मी बोलायचं, पंधरा सेकंद त्यांनी.
मी तासभर हाक मारली. कोणी वळलं नाही.
फ्लावियाने पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं:
"अंकल, तुमचें घड्याळ फाटीं आसा."
तीन सेकंद.
तीन सेकंदांनी मी जगाच्या मागे होतो
आणि जग थांबत नव्हतं.

बोटीवर माझ्या घड्याळात दोन लाल पाचरी होत्या,
तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं.
त्या वेळात कुणीच बोलायचं नाही,
सगळ्या समुद्राने कान द्यायचा,
कोणी बुडत असेल तर ऐकू यावं म्हणून.
हे मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, मग हे तुम्हाला जड नाही.

घड्याळ लावलं. उत्तरं आली.
क्रमांक एक, क्रमांक दोन, सत्तावीस, चाळीस.
ओसाका, कॅनरी बेटं, कुठलंसं काझाक गाव.
ती घरी गेली, मी काळा चहा करून बसलो,
खाली बंदरात मालाच्या बोटीचे दिवे.
इथे सगळ्यांचं अक्षर एकसारखं.
कोणाचा हात जड नाही, कोणाला घाई नाही,
कोणी प्यायलेलं नाही.
माणसं यंत्राने धुऊन इस्त्री करून पाठवलेली.

पहाटे चारच्या पुढे डावीकडच्या रकान्यात
उणे एकवीस.
म्हणजे गोंगाटाच्याही खाली, चांगल्या कानालासुद्धा
जे कधीच ऐकू आलं नसतं, ते.
पुढे नाव. रिगाचा यानिस.
त्र्याऐंशी साली त्या बंदरात आमची बोट अडकली होती,
तेव्हापासूनचा. शेवटचा डॅश त्याचा किंचित लंगडायचा,
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माणूस थांबतो तसा.
मी त्याला त्या लंगडण्यावरून ओळखायचो,
नाव येण्याआधी.

चार ओळी झाल्या, दीड मिनिट.
त्याचा क्रमांक, माझा क्रमांक, पोचलं, नमस्कार.
लंगडणं नव्हतं.
मी पुढच्याला हाक मारली. गुण वाढले.

साडेपाचला, म्हणजे त्यांच्या मध्यरात्री, स्पर्धा संपली.
रांगा एकेक करून विझल्या. निळं रिकामं झालं.
खाली रस्त्यावर पदेराची सायकल गेली असणार;
भोंगा मला आता ऐकू येत नाही,
कुत्री उठली त्यावरून कळलं.

आणि तेवढ्यात त्या निळ्यावर
एक बारीक तुटक रेघ उतरू लागली.
टोन नव्हे, किल्ली. कोणीतरी हाताने.
दोन लांब, तीन ठिपके.
तीन ठिपके, दोन लांब.
शेवटचा डॅश मी बोटाने मोजला, काचेवर, नखाने.
पहिल्यापेक्षा थोडा जास्त उतरला होता.
पंप सुरू झाला, पुढचं गेलं.

तो असेल, नसेलही. म्हातारे हात सगळेच लंगडतात.
मी कपाट उघडलं.
डिस्चार्ज बुकं बाजूला सारली.
फडक्याची गाठ घट्ट बसली होती,
दातांनी सोडवावी लागली.