रापणीचा वाटा

तळाशीलला, बर्फाच्या कारखान्यात बैठक झाली.
इतिवृत्त मी लिहिलं, ओलसर वहीत.
हजर: तीन पक्ष, अकरा माणसं, एक मांजर.

पहिला तास गेला
बॅनरवर कुणाचा झेंडा डावीकडे, यात.
फिलीप सोज दोनदा तावातावाने बाहेर गेला,
दोनदा विडी विझवून आत आला.

मग कुणीतरी मागची मतं वाचली.
चारशे बारा. तीनशे सत्त्याण्णव. दोनशे चाळीस.
पाचशे सहा, वाळूवाल्याची.
निवडून तो आला.
आम्ही एक हजार एकोणपन्नास,
पाच वर्षं मोजणीबाहेर.

दमयंती मेथर किल्ली न्यायला आली होती,
कुठल्याच पक्षाची नव्हे. दारातूनच म्हणाली,
"दोर सगळ्यांनी ओढूचो
नि मासळी एकट्यान न्हेवची,
ह्यां खंयचां गणित?"

रापणीत
दोराला नुसता हात लावलेल्या पोराचाही
वाटा पडतो वाळूवर.
हे आम्हाला ठाऊक होतं
आणि भाषणात कधी आलं नव्हतं.

ठराव एक: उमेदवार एकच.
ठराव दोन: जितकी मतं तितक्या जागा,
असा कायदा मागायचा, मिळेस्तोवर.
झेंड्याचा मुद्दा पुढच्या बैठकीत.

दमयंतीने दिवा मालवला.
आम्ही अंधारात
अजून भांडत होतो, पण
एकाच बाकावर.